ड्रॅगन फ्रूट : लागवड, निगा आणि शेजारी

ड्रॅगन फ्रूट हे निवडुंगाच्या कुळातले वेलवर्गीय फळझाड आहे. ते मूळचे दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. महाराष्ट्रात ते दुष्काळी पट्ट्यातल्या शेतांत, शहरांतल्या गच्च्यांवर आणि सर्वाधिक प्रमाणात व्हॉट्सॲपवर आढळते. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी हायलोसेरियस अंडेटस होते. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची रवानगी सेलेनिसेरियस या प्रजातीत केली. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने त्याचे ‘कमलम’ असे बारसे केले. रोपवाटिकेतल्या माणसाने या दोन्ही घटनांची दखल घेतलेली नाही. तो ‘ड्रॅगन लाल देऊ की पांढरा?’ एवढेच विचारतो.

आशियात हे झाड एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांबरोबर आले आणि व्हिएतनाममध्ये असे रुजले की तिथल्या बिन्ह थुआन भागात मैलोन्‌मैल दुसरे काही दिसत नाही. आपल्याकडे बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. खडकाळ, मुरमाड जमिनीवर हे झाड कसे घ्यावे याचा अभ्यास तिथे झाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या तडसरची फळे जून २०२१ मध्ये दुबईला रवाना झाली. शेतातला ड्रॅगन आणि गच्चीवरचा ड्रॅगन यांत वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काही फरक नाही. फरक मालकांत असतो. शेतकऱ्याला फळ हवे असते, गच्चीवाल्याला फळाचा फोटो पुरतो.

या झाडाला पाने नसतात. खोड तीन धारांचे, हिरवे, मांसल असते आणि पानांचे सगळे काम तेच करते. धारेवर ठरावीक अंतराने डोळे असतात आणि प्रत्येक डोळ्यात काही मिलिमीटर लांबीचे दोन-चार काटे. ‘एवढेसे तर आहेत’ असे या काट्यांबद्दल फक्त ज्याने अजून झाडाला हात लावलेला नाही तोच म्हणतो. बाभळीचा काटा सरळमार्गी असतो. तो आधी दिसतो, मग बोचतो आणि ओढला की निघतो. ड्रॅगनचा काटा दिसत नाही, बोचला तेव्हा कळत नाही आणि कणीक मळताना मात्र हाताच्या कोणत्या पेरात आहे ते नेमके सांगतो. तो काढण्यासाठी सुई, चिमटा, खिडकीतला उजेड, जवळचा चष्मा आणि ‘नसते उद्योग कुणी सांगितले होते’ असे म्हणणारी एक व्यक्ती लागते. पिवळ्या सालीची एक जात असते, कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये ती मोठ्या प्रमाणावर लावतात. तिचे फळ सगळ्यांत गोड आणि तिच्या फळावरसुद्धा काटे. ते ब्रशने झाडून मगच माल बाजारात जातो.

घरात काटेरी झाड असू नये, असे वास्तुशास्त्राची पुस्तके सांगतात. गुलाबाला त्यातून सूट आहे. कुंडीतल्या लिंबाबद्दल मतभेद आहेत, पण लिंबे लागायला लागली की ते मिटतात. ड्रॅगनच्या बाबतीत घरातल्या ज्येष्ठांचा विरोध साधारणपणे पहिल्या कळीपर्यंत टिकतो. तोपर्यंत घरात दूध नासले, पाहुण्यांची गाडी चुकली किंवा नातवाचे गणिताचे मार्क कमी झाले, की गच्चीच्या दिशेने पाहिले जाते.

रोप मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला बियांचा. खाल्लेल्या फळातल्या मोहरीहून बारीक काळ्या बिया धुऊन मातीवर भुरभुरल्या, तर आठ-पंधरा दिवसांत हिरवी लव उगवते. मुलांना फार आनंद होतो. या रोपांना फळ धरायला मात्र चार-पाच वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागतात, म्हणजे आनंद झालेली मुले तोवर दहावीला बसतात आणि झाडाकडे बघायला कुणी उरत नाही. दुसरा मार्ग रोपवाटिकेतून विकत आणण्याचा. तो सरळ आहे आणि म्हणून कमी लोकप्रिय. तिसरा, खरा मार्ग म्हणजे ओळखीच्या घरून फांदीचा तुकडा आणणे. मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो, अशी एक श्रद्धा आहे. ड्रॅगनला अशी अट नाही आणि काट्यांमुळे तो खिशात घालून आणताही येत नाही.

तुकडा वीतभर लांबीचा, निरोगी, गडद हिरवा असावा. तो आणल्याबरोबर मातीत खोचण्याचा मोह आवरावा. कापलेली बाजू सावलीत पाच-सात दिवस वाळू द्यावी, म्हणजे तिच्यावर खपली धरते. ओल्या जखमेने लावलेला तुकडा खालून सडतो आणि वरून बरेच दिवस टवटवीत दिसतो. त्याला रोज पाणी घालणाऱ्या माणसाचा विश्वास फार काळ टिकतो. लावताना खालची बाजू खालीच ठेवावी. या आठ दिवसांत खालची बाजू कोणती हे घरात कुणालाच आठवत नाही, म्हणून कापतानाच पेनने बाण काढणे बरे.

कुंडी मोठी हवी. रंगाचा वीस लिटरचा डबा सुरुवातीला चालतो, पुढे अर्धा ड्रम लागतो. मातीत वाळू, विटांचे तुकडे आणि शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून ती भुसभुशीत करावी. पाणी क्षणभर थांबून निघून गेले पाहिजे. मग येतो खांब. हे झाड स्वतःच्या पायावर उभे राहत नाही. ते हवेत मुळे सोडून जे सापडेल त्याला धरते. शेतात सिमेंटचा खांब पुरून त्याच्या डोक्यावर सिमेंटचे कडे किंवा जुना टायर बसवतात आणि खांबाभोवती चार रोपे लावतात. गच्चीवर हीच रचना करायची तर ड्रमच्या मधोमध काँक्रीट भरलेला पीव्हीसी पाइप आणि वर स्कूटरचा टायर लागतो. पूर्ण वाढलेले झाड, ओली माती, खांब आणि टायर यांचे वजन चार माणसांना हलत नाही. हे चार माणसांना बोलावल्यावर समजते. म्हणून जागा आधी ठरवावी आणि ती शक्यतो इमारतीच्या तुळईवर किंवा खांबाच्या माथ्यावर असावी.

गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर ड्रम चढत असताना सेक्रेटरी जिन्यात भेटतातच. हा नियम अजून कुणी सिद्ध केलेला नाही, पण त्याला अपवादही सापडलेला नाही. त्यानंतर वरच्या मजल्यावर जिथे जिथे ओल दिसेल, ती त्या ड्रमची. वॉटरप्रूफिंग चौदा वर्षांपूर्वीचे आहे, हा मुद्दा वार्षिक सभेत मांडता येतो, पण इतिवृत्तात येत नाही.

पाण्याच्या बाबतीत हे झाड शिकवलेल्या सगळ्या सवयींच्या उलट वागते. दिवसा कडक उन्हात ते आपली छिद्रे बंद ठेवते. रात्री हवा थंड झाली की उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते, आम्लाच्या रूपात साठवते आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याचे अन्न करते. सगळा कच्चा माल रात्रपाळीत भरून ठेवायचा, हे वाळवंटी धोरण. त्यामुळे पाणी कमी उडते आणि कमी लागते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यात त्याहून कमी, पावसाळ्यात अजिबात नाही. मात्र तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणाऱ्या हाताला शेजारची कुंडी वगळणे जमत नाही. गच्चीवर दगावलेल्या ड्रॅगनांपैकी तहानेने गेलेले फारच थोडे. बाकीचे मायेने गेलेले असतात.

निवडुंग म्हटले की ऊन हवेच, हा समजही अर्धाच खरा. मूळ जंगलात हे झाड मोठ्या झाडांवर चढून, त्यांच्या विरळ सावलीत वाढते. आपल्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात, त्यातून गच्चीच्या तापलेल्या फरशीवर, त्याची खोडे पिवळी पडतात आणि पांढरट डाग धरतात. तेवढे दोन-अडीच महिने वर हिरवी शेडनेट किंवा जुनी सुती साडी बांधावी. साडी बांधण्यापूर्वी ती जुनीच आहे याची खात्री दोन जणांकडून करून घ्यावी.

छाटणी हा या शेतीतला सगळ्यांत दुःखद भाग. रोप लावल्यावर एकच जोमदार फांदी खांबाला बांधत वर न्यायची आणि मध्ये फुटलेले सगळे कोंब काढून टाकायचे. ती टायरपर्यंत पोहोचली की तिचा शेंडा खुडायचा, म्हणजे वरून अनेक फांद्या फुटतात आणि टायरवरून खाली लोंबतात. फुले येतात ती मुख्यत्वे या लोंबत्या फांद्यांना. पहिल्या वर्षी जे जे जिवाच्या आकांताने फुटून आले ते ते कापायचे, हे पुस्तकात वाचायला सोपे असते. प्रत्यक्षात मालक कात्री घेऊन जातो, कोंबाचा पोपटी रंग बघतो आणि कात्री घेऊन परत येतो. दोन वर्षांनी झाडाची अशी गुंतवळ होते की त्यात हरवलेला क्रिकेटचा चेंडू मागायला मुले येत नाहीत.

तुकड्यापासून लावलेल्या आणि नीट वाढलेल्या झाडाला दीड-दोन वर्षांत कळ्या येऊ लागतात. महाराष्ट्रात बहराचा हंगाम साधारण मे अखेरीपासून सुरू होतो आणि जून ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत फळे मिळतात. या झाडाला फुलायला मोठा दिवस लागतो. व्हिएतनामचे शेतकरी म्हणूनच हिवाळ्यात बागेत रात्री दिवे लावतात. तिकडे डोंगरावरून पाहिले तर शेताशेतांत दिव्यांच्या रांगा दिसतात. घरगुती वीजदरात हा प्रयोग करणाऱ्याला एक फळ कितीला पडले हे काढायला कॅल्क्युलेटर नाही, धीर लागतो.

कळी आली की मुंग्या येतात. त्या कळीच्या खवल्यांवरचा गोड स्राव खायला आलेल्या असतात आणि सहसा फार नुकसान करत नाहीत, पण त्यांच्यासाठी हळद, खडू, लवंग, हिंग असे सगळे स्वयंपाकघर गच्चीवर जाते. जोराचा पाऊस झाला की काही कळ्या पिवळ्या पडून गळतात. हे नैसर्गिक आहे. सगळी फुले धरायची झाडाची ऐपत नसते. तरी प्रत्येक गळलेल्या कळीमागे त्या दिवशी गच्चीवर गेलेल्या एका पाहुण्याची दृष्ट शोधली जाते.

दोन-अडीच आठवड्यांनी कळी फुगते, फूटभर लांब होते आणि एका संध्याकाळी सैल पडते. तीच रात्र. सात-आठच्या सुमारास पाकळ्या सुटू लागतात, अकरा-बाराला फूल पूर्ण उमललेले असते आणि ऊन चढेपर्यंत ते मान टाकते. फूटभर लांब, दुधाळ पांढरे, सुगंधी फूल. महाराष्ट्रातल्या घरांना हा प्रसंग नवीन नाही. ज्याला घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ म्हणतात, मध्यरात्री ज्याची आरती होते आणि ज्यासाठी शेजाऱ्यांना झोपेतून उठवतात, तेही मेक्सिकोकडचेच एक निवडुंग आहे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले आणि वेगळेच. म्हणजे गच्चीवरचे ब्रह्मकमळ आणि ड्रॅगन हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. पण मान सगळा एकाला. ब्रह्मकमळापुढे उदबत्ती लागते. ड्रॅगनच्या त्याहून मोठ्या फुलापुढे मालक एकटा उभा असतो, हातात मेकअपचा ब्रश घेऊन.

ब्रशचे कारण असे. मायदेशी या फुलांचे परागीभवन मध पिणारी वटवाघळे आणि मोठे निशाचर पतंग करतात. तेवढ्यासाठी फूल रात्री उमलते, पांढरे असते आणि वास सोडते. पुण्या-ठाण्यातल्या पाचव्या मजल्यावर ही मंडळी कामाला येत नाहीत. पहाटे मधमाश्या येतात, पण त्यांच्या हजेरीवर विसंबता येत नाही. पांढऱ्या गराच्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागांवर फळ धरतात, तरी हाताने मदत केली तर फळ मोठे होते. लाल गराच्या अनेक जातींना मात्र सगोत्र विवाह मंजूर नाही. त्यांना दुसऱ्या जातीचे पराग लागतात, आणि ते स्थळ बहुधा दुसऱ्या वॉर्डात असते, शिवाय त्याचे फूल तीन दिवस आधी उमलून गेलेले असते. यावर उपाय म्हणून पराग कोरड्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. काही दिवस ते चांगले राहतात. डबीवर चिठ्ठी लावणे अत्यावश्यक आहे. पिवळी धम्मक, मऊ, बिननावाची पूड फ्रिजमध्ये सापडली तर तिचा शेवट श्रीखंडात होतो.

प्रत्यक्ष क्रिया पाच मिनिटांची. फुलाच्या आत शेकडो पुंकेसर असतात आणि त्यांच्यावर डोके काढून उभा असतो स्त्रीकेसर, टोकाला बोटे फुटलेला. ब्रशवर पराग घ्यायचे आणि त्या बोटांवर हलकेच फासायचे. झाले. अडचण क्रियेची नाही, देखाव्याची आहे. जून-जुलै असल्याने पाऊस भुरभुरत असतो. पराग भिजले तर सगळे वाया, म्हणून एक जण छत्री धरतो, दुसरा टॉर्च धरतो, तिसरा पुटपुटत फुलात हात घालतो. समोरच्या इमारतीतून रात्री पावणेबाराला हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात फळबागेचा विचार येत नाही. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे हे लक्षात घेऊन शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी. कल्पना दिली की तेही गच्चीवर येतात आणि ‘आमच्याकडे ब्रह्मकमळाला यंदा अकरा आली’ असे सांगून जातात.

परागीभवन झाले असेल तर फूल कोमेजल्यावर खालचा हिरवा भाग फुगू लागतो. नसेल तर आठवडाभरात तो पिवळा पडून गळतो. वाळलेल्या फुलाचेही सोने करता येते. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात या निवडुंगाची वाळवलेली फुले सूपमध्ये घालतात. आपल्याकडे त्यांची भजी करून बघणारे आहेत. भजी चांगली लागतात, पण ते श्रेय बेसनाचे.

फूल उमलल्यापासून फळ तयार व्हायला साधारण महिना लागतो. पहिले पंचवीस दिवस ते हिरवे राहते आणि त्याच्यात काहीच घडताना दिसत नाही. मग तीन-चार दिवसांत ते गुलाबी-लाल होते आणि ही वार्ता बुलबुल, खार, उंदीर आणि वटवाघूळ यांना एकाच वेळी पोहोचते. परागीभवनाला न आलेली वटवाघळे ही नव्हेत. ती मेक्सिकोची होती, ही फळे खाणारी, इथलीच. कांद्याची जाळीदार पिशवी फळावर बांधणे हा बऱ्यापैकी उपाय आहे.

याच चार दिवसांत घरगुती लागवडीतली नेहमीची चूक होते. आंबा पाडाला आला की काढून अढीत घालायची सवय असलेला माणूस ड्रॅगनही लवकर काढतो आणि तांदळाच्या डब्यात ठेवतो. ड्रॅगन झाडावरून काढल्यावर गोड होत नाही. जेवढी साखर झाडावर आली तेवढीच. रंग पूर्ण चढल्यावरही तीन-चार दिवस थांबले तर चव येते, आणि तेच थांबणे जमत नाही, कारण रोज सकाळी सगळे घर त्या एका फळाला बोट लावून बघत असते.

फळ साधारण पाव किलो ते अर्धा किलो भरते. पहिल्या फळाची वाटणी हा स्वतंत्र विधी आहे. आधी ते देवापुढे, मग वजनकाट्यावर, मग कॅमेऱ्यापुढे ठेवले जाते. नंतर त्याचे घरातल्या माणसांइतके आणि शेजारी छत्री धरायला आलेल्यांइतके भाग होतात. खाल्ल्यावर क्षणभर शांतता पसरते. गर रसाळ, थंड, बारीक बियांनी कुरकुरीत, गोडी बेताची. ‘छान आहे’ असे सगळे म्हणतात आणि कुणीतरी हळूच चाट मसाला पुढे करतो. लाल गराचे फळ चवीला थोडे उजवे असते आणि रंगाला फारच. त्यातल्या बीटच्या जातीच्या रंगद्रव्यामुळे भरपूर खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी होऊ शकते. हे निरुपद्रवी आहे, पण कापतानाच सांगावे. सकाळी सहाला डॉक्टरांना फोन लागल्यावर सांगून उपयोग नसतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून किवीबरोबर ड्रॅगनचाही खप वाढतो. त्या समजुतीला भक्कम वैद्यकीय आधार नाही, पण रुग्णाला भेटायला जाताना हातात काहीतरी लागते आणि केळी नेण्याचे दिवस राहिलेले नाहीत.

ड्रॅगन उपवासाला चालतो का, हा प्रश्न पहिल्या चतुर्थीला निघतो. विरोधकांचा आक्षेप असा की हे परदेशी फळ असून शास्त्रात त्याचा उल्लेख नाही. हा आक्षेप बटाट्याचा कीस खात खात घेतला जातो. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिकडचाच, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा तिथलाच, रताळे आणि हिरवी मिरचीही अमेरिकेतूनच आलेली. साबुदाण्याच्या खिचडीच्या ताटात मेक्सिको ते पेरूपर्यंतचा सगळा प्रदेश आधीच मांडलेला असतो. त्यात जागा आहे. बहुतेक घरांत निकाल ‘फळ आहे, चालेल’ असाच लागतो, कारण तोवर ते कापून झालेले असते.

नीट सांभाळले तर हे झाड वीस वर्षे फळ देते. दरवर्षी हंगामानंतर जुन्या, गुंतलेल्या, रोगट फांद्या काढाव्यात. खोडावर तपकिरी, खरबरीत डाग दिसले तर तेवढा भाग निरोगी गरापर्यंत कापून टाकावा आणि कात्री पुसून घ्यावी. छाटणीत दोन-तीन बादल्या तुकडे निघतात. पहिल्या वर्षी ते मागून नेले जातात, दुसऱ्या वर्षी आग्रहाने दिले जातात, तिसऱ्या वर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटले जातात. चौथ्या वर्षी नातेवाईक ‘आता नको, जागा नाही’ म्हणू लागतात. उरलेले तुकडे थेट ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. ते तिथेही मुळे धरतात. खपली, माती, खांब, टायर यांतले काहीही न मिळता डब्याच्या झाकणाखालून पोपटी कोंब बाहेर येतो आणि सेक्रेटरींना तो बरोबर दिसतो. तुकडे गच्चीच्या कोपऱ्यात उन्हात पसरून पूर्ण सुकू द्यावेत, हातमोजे घालून गोळा करावेत आणि मगच टाकावेत.